शेवटच्या बॉम्बरच्या मागे

आमच्या घरात लढाईवर जाऊन आलेली माणसं दोन. एक माझे बाबा आणि दुसरा माझा मामा, आईचा थोरला भाऊ. बाबांचं पदक बैठकीच्या खोलीत काचेच्या चौकटीत लावलेलं होतं आणि आई रोज सकाळी त्या काचेवरून मऊ फडकं फिरवायची. मामाला मात्र पाहुणे आले की स्वयंपाकघरात बसवलं जायचं. "दादा, तू आत बस ना, आत वारा छान लागतो," असं आई म्हणायची. आमच्या स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी शेजारच्यांच्या भिंतीकडे उघडायची, वारा कुठला यायला! मामा मुकाट्याने आत जायचा आणि पाहुणे उठेपर्यंत भाजी निवडत बसायचा. त्याचा डावा हात कोपरात वाकडा होता, बोटंही धड मिटत नसत, पण उजव्या हाताने तो आईपेक्षा चांगली भाजी निवडायचा.

बाहेर बाबांची गोष्ट रंगात आलेली असायची. बाबा बॉम्बर विमानात शेपटाला बसणारे गनर होते. विमानाच्या अगदी टोकाला काचेचा एक डबा, त्यात पाय दुमडून बसायचं, समोर मशीनगन, आणि तोंड मागे. ते सांगायचे, "पुढे काय चाललंय ते आम्हाला कळायचंच नाही. आम्ही फक्त मागून येणारा मृत्यू बघायचा." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यानंतर ते चहाचा घोट कधी घेणार हेही मला पाठ होतं. मग एकाच सकाळी शत्रूची दोन विमानं त्यांनी कशी पाडली, ते यायचं. पाहुण्यांतला एखादा चौकस माणूस विचारायचा, "तुमचे मेहुणेपण हवाई दलात होते ना?" त्यावर आई म्हणायची, "होता थोडे दिवस," आणि कप उचलून आत यायची. आत आली की भावाच्या नजरेला नजर द्यायची नाही.

मामा बस डेपोत कंट्रोलर होता. फाटकाजवळच्या काचेच्या खोलीत बसून कोणती गाडी कोणत्या ड्रायव्हरला द्यायची, कोणती कधी सोडायची, हे ठरवायचं. ड्रायव्हर लोक त्याला 'कॅप्टन' म्हणत. त्यात आदर किती आणि थट्टा किती हे ज्याच्या त्याच्या मनावर. "कॅप्टन, आज गाडी उडवू का?" असं कुणी विचारलं की मामा चष्म्यावरून बघायचा आणि म्हणायचा, "आधी ब्रेक लागतो का बघ. खाली उतरता येत असेल तरच उडावं माणसाने." डेपोत त्याने एक पद्धत पाडली होती आणि ती कुठल्याच नियमात नव्हती. रस्त्यात एखादी बस बंद पडली की तो दुसरी बस पाठवायचा आणि पहिली सुरू होईपर्यंत दुसरीने तिच्या मागे दिवे लावून उभं राहायचं. वरचे साहेब डिझेलच्या नावाने ओरडायचे. मामा म्हणायचा, "साहेब, रस्त्यात बंद पडलेली गाडी एकटी सोडायची नसते. मागून येणारा धडकतो." साहेब बदलत राहिले, पण ही पद्धत काही बदलली नाही.

त्याचं खरं नाव आमच्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्याला 'पळपुटा' म्हणायचे. किराणावालाही म्हणायचा, वर उधार द्यायला हाच माणूस सगळ्यात भरवशाचा हेही सांगायचा. लढाई संपल्यावर हवाई दलाने मामाची चौकशी केली होती. 'ऐन लढाईत म्होरक्याला सोडून गेला' असा ठपका ठेवून त्याला घरी पाठवलं होतं. लग्न करायचं त्याने कधी मनावर घेतलं नाही, आणि पळपुट्याला मुलगी द्यायला कुणी रांग लावून उभंही नव्हतं.

मग सरकारला अचानक जाग आली. लढाईतले जुने निकाल पुन्हा तपासायला एक समिती नेमली गेली. मामाने अर्ज केल्याचं मला डेपोतल्या एका ड्रायव्हरकडून कळलं. मी तडक त्याच्या काचेच्या खोलीत गेले. दुपारची वेळ होती, गाड्या रस्त्यावर होत्या आणि मामा डब्याचं झाकण उघडत होता.

"मामा, अर्ज केलास आणि घरी बोलला नाहीस?"

"बोलण्यासारखं काय आहे त्यात? साक्षीदार लागतो. बॉम्बरमधल्या कुणीतरी सांगायला हवं की मी तिथे होतो. तसा कुणी नाही."

"नाही कसा? बाबा होते की त्याच बॉम्बरांत!"

मामाने डब्याचं झाकण परत लावलं. "ते राहू दे, पोरी."

मी शाळेत शिकवते. तोंडातली गोष्ट गिळणारा चेहरा मला पोरांमुळे चांगला ओळखता येतो. "का राहू दे? उलट बाबांसारखा साक्षीदार मिळणार नाही. आणि साक्षीदार नाही म्हणतोस, मग अर्ज कशाला केलास?"

तो म्हणाला, "चिमणीसाठी." चिमणी म्हणजे माझी आई. "आता मी फार तर पाच-दहा वर्षांचा सोबती. तिने एकदा चार माणसांत मोठ्याने म्हणावं, हा माझा भाऊ. हळू आवाजात नाही. तेवढंच." आणि मग, मी हटत नाही असं बघून, त्याने मला सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मामा फायटर चालवायचा. बॉम्बर म्हणजे पोटात बॉम्ब भरलेली, गाभण म्हशीसारखी संथ विमानं. त्यांना नेऊन आणण्याचं काम फायटरचं. इतक्या लांब जायचं म्हणजे नेहमीचं पेट्रोल पुरत नसे, म्हणून पंखांखाली जादा टाक्या बांधलेल्या असत. पण टाक्या घेऊन लढता येत नाही, विमान जड होतं. लढायची वेळ आली की एक कळ ओढायची आणि टाक्या खाली सोडून द्यायच्या. म्होरक्याने टाक्या टाकल्या की सगळ्यांनी टाकायच्या, असा नियम. म्होरक्याला सगळे 'वाघ' म्हणायचे, आणि ते त्याला जरा जास्तच आवडायचं.

त्या सकाळी निघण्याआधी बाबा आणि मामा एकाच बाकावर बसून चहा प्यायले होते. आईचं आणि बाबांचं लग्न ठरलेलं होतं. स्थळ मामानेच आणलं होतं. बाबा म्हणाले, "दादा, आमच्या आसपास राहा हं." मामा म्हणाला, "जावईबापू, तुम्हाला काही झालं तर बहीण मला घरात घेणार नाही." दोघेही हसले होते.

निम्मी वाट झाली आणि डाव्या अंगाला उंचावर शत्रूची चार-पाच विमानं दिसली. ती जवळ येत नव्हती, नुसती घिरट्या घालत होती. वाघाने टाक्या टाकल्या आणि तो त्यांच्यामागे सुटला. त्याच्या पाठोपाठ बाकीच्यांच्या टाक्या खाली गेल्या. मामाचा हातही कळीवर होता. "आणि माझ्या डोक्यात आलं," मामा म्हणाला, "की ही लढायला आलेलीच नाहीत. आपल्याला टाक्या टाकायला लावायला आलीत. इथे पेट्रोल फेकलं तर पुढे बॉम्बरांबरोबर जाणार कोण? खरी टोळी पुढेच टपून बसलेली असणार." त्याने रेडिओवर सांगितलं, वाघ, हे आमिष आहे. उत्तर आलं, गुमान मागे ये. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ना, ते त्या दिवशी आभाळात झालं. वाघ दोन विमानं पाडून सुखरूप परतला आणि त्याबद्दल त्याचा सत्कारही झाला. मामाने कळ ओढली नाही. तो एकटा बॉम्बरांबरोबर राहिला.

खरी टोळी पुढेच होती. मामाने तेव्हा टाक्या टाकल्या आणि जमेल तसा तो एकटाच तिच्या आडवा जात राहिला. त्याच्या डोळ्यांदेखत दोन बॉम्बर जळत खाली गेले. मग त्याला दिसलं की रांगेतला शेवटचा बॉम्बर मागे पडलाय, त्याचं एक इंजिन बंद आहे, आणि शत्रूचं एक विमान त्याच्या शेपटाला लागलंय. त्या बॉम्बरच्या अंगावर काळा कोंबडा रंगवलेला होता. बाबांचा बॉम्बर.

इथे मामा थांबला आणि त्याने टेबलावर दोन बोटं ठेवून मला दाखवलं. "आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात ते हे. बॉम्बरकडे नाक करायचं नाही. कधीच नाही. आतल्या गनरला समोरून फक्त एक गोल आणि दोन पंख दिसतात. आपला कोण, परका कोण, कळत नाही. तो गोळी घालणारच, त्याचा दोष नाही. म्हणून जवळ जाताना बाजूने जायचं आणि पंख कलवून पोट दाखवायचं. पोटावरच्या खुणेवरून तो ओळखतो."

"मग?"

"मग काय! बाजूने फेरी मारून जायला वेळ कुठे होता? ते विमान अगदी त्याच्या शेपटाशी पोचलं होतं. मी सरळ त्याच्या मागे घुसलो. माझं नाक बॉम्बरकडे. मी मारलं, ते पेटलं आणि खाली गेलं. त्याच्या धुरातून मी बाहेर आलो तर समोर तो काचेचा डबा, इतका जवळ की मला आतलं शिरस्त्राण दिसलं. आणि त्याने मला मारलं. हा हात तिथे गेला. मी पंख कलवला, पोट दाखवलं. तरी गोळ्या थांबल्या नाहीत."

मामाने उडी घेतली, छत्री उघडली, खाली शत्रूच्या हाती सापडला. लढाई संपल्यावर सुटून आला तेव्हा आईचं लग्न झालेलं होतं, ती दोन जीवांची होती, आणि भिंतीवर पदक होतं. एकाच सकाळी दोन विमानं पाडल्याबद्दल. त्यातलं एक मामाने पाडलेलं आणि दुसरं म्हणजे खुद्द मामा. चौकशीत बॉम्बरमधल्या सगळ्यांना विचारलं गेलं की वाघ वळल्यानंतर तुमच्याबरोबर आपलं फायटर होतं का. पुढच्या बॉम्बरांतल्या गनरांना त्या धुरात आपलं-परकं ओळखता आलं नव्हतं, आणि बाबांच्या विमानातले बाकीचे बिचारे पुढे तोंड करून बसणारे, त्यांना काही दिसलं नव्हतं. ज्याला दिसलं होतं तो नाही म्हणाला.

"आणि तू गप्प बसलास!" मी ओरडले. बाहेर दोन ड्रायव्हर वळून बघायला लागले.

"कुणाविरुद्ध बोलू? आपलेच दात आणि आपलेच ओठ. चिमणीच्या पोटात तू होतीस."

घरी आले ती रागाने नुसती पेटलेली. आई बाजारात गेली होती. बाबा पेपर वाचत होते. मी म्हटलं, "मामाला कुणी पाडलं?" पेपर खाली आला नाही. "मला काही आठवत नाही," बाबा म्हणाले. ज्या माणसाला त्या सकाळच्या चहात साखर किती होती ते आठवतं, त्याला काही आठवत नव्हतं! मी हलले नाही. शेवटी त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला.

"पोट दिसलं होतं मला," ते म्हणाले. "आपली खूण दिसली. पण बोट थांबलं नाही. थंडीने बोटं लाकडासारखी झाली होती, आणि... भीती वाटत होती गं. खाली उतरल्यावर लोक मला उचलून नाचायला लागले. कुणीतरी विचारलं, किती पाडले? मी म्हटलं, दोन. दादा मेलेच, असंच मी धरून चाललो होतो. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो, असं वाटलं. नंतर ते परत आले."

"ते परत आले याचं तुम्हाला वाईट वाटलं."

बाबांनी मांडीवरच्या पेपरची घडी पुन्हा नीट केली. मग म्हणाले, "मी येतो समितीपुढे. सांगतो सगळं. फक्त तुझ्या आईला आधी काही सांगू नकोस." त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटला.

आईला एवढंच कळलं की दादा शेवटपर्यंत बॉम्बरांबरोबर होता अशी साक्ष द्यायला बाबा जाणार आहेत. तिच्या पायाला जणू चाकंच लागली. तिने बाबांचा कोट स्वतः इस्त्री केला आणि चौकट उघडून पदक काढून कोटाला लावलं. "लावून जा," ती म्हणाली, "शब्दाला वजन येतं." मामा गुळगुळीत दाढी करून आला होता. त्याच्या सदऱ्याची कॉलर नवीन होती, बाकीचा सदरा जुनाच.

समितीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, पलीकडे तीन अधिकारी. मधला अध्यक्ष माझ्याच वयाचा असेल. मामाने बसायचं म्हणून ओढलेली खुर्ची अध्यक्षाने बाबांना दिली. त्याची नजर पदकावर गेली आणि तो उभाच राहिला. "आपण म्हणजे... काळ्या कोंबड्याच्या बॉम्बरचे गनर? साहेब, आम्ही नव्या पोरांना अजून तुमची गोष्ट शिकवतो. एक इंजिन बंद, सोबतीला कुणी नाही, आणि दोन पाडली!" त्याने टेबलावरून वाकून बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला. बाकीचे दोघेही उठले. शिपायाने पाणी आणलं, ते आधी बाबांना.

मी बाबांकडे बघत होते. घरून निघताना वाकलेली त्यांची पाठ हळूहळू सरळ होत होती.

अध्यक्षाने विचारलं, "म्होरक्या वळल्यानंतर तुमच्याबरोबर आपलं एखादं फायटर होतं का?"

बाबांनी मामाकडे पाहिलं नाही. "नाही, साहेब."

"अगदी नक्की?"

"शेपटाला बसणाऱ्याला मागचं सगळं दिसतं, साहेब."

अध्यक्ष जरा गोंधळला. "मग आपण या अर्जदाराचे साक्षीदार म्हणून कसे आलात?"

बाबा किंचित हसले, चारचौघांत समजूतदार माणूस हसतो तसे. "बायकोचा भाऊ आहे. नात्यातला माणूस, काय करणार!"

तिघेही अधिकारी सहानुभूतीने हसले. मी उठून उभी राहिले. "हे खोटं बोलतायत. मामाला यांनीच पाडलंय!" अध्यक्षाने शांतपणे विचारलं, "आपण त्या विमानात होतात का?" मी खाली बसले. मग त्याने मामाला विचारलं, साक्षीदाराला काही विचारायचंय का. मामाने मान हलवली. "नाही. मुलगी माझ्यावर माया करते म्हणून बोलली. तिचं मनावर घेऊ नका."

परत येताना बसमध्ये बाबा पुढच्या सीटवर बसले, आम्ही दोघं मागे. मला बाबांच्या मानेचीसुद्धा किळस येत होती. "मी आईला सगळं सांगणार आहे," मी म्हटलं. मामाने त्याचा वाकडा हात माझ्या हातावर ठेवला. "सांगून तिच्या हाती काय पडेल? भाऊ मिळेल आणि नवरा जाईल. या वयात कसला हा व्यवहार? घरी मी बोलेन. तू तोंड उघडायचं नाहीस. माझी शपथ आहे."

आई दारातच उभी होती. तिने बाबांकडे पाहिलं नाही, मामाकडे पाहिलं. "दादा? गेला ठपका?"

मामा म्हणाला, "गेला."

आई मटकन उंबऱ्यावरच बसली आणि रडायला लागली. मग डोळे पुसत उठली आणि समोरच्या घरातल्या बाईंना मोठ्याने हाका मारून बोलावलं. त्या आल्या, मागून त्यांची सूनही आली. "हा माझा भाऊ," आई सांगत होती, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "फायटर पायलट होता. पळून गेला नव्हता, शेवटपर्यंत बॉम्बरांबरोबर होता!" मामा हात जोडून उभा होता.

त्या दिवशी आईने मामाचं ताट बैठकीच्या खोलीत, बाबांच्या शेजारी मांडलं. पदक पुन्हा चौकटीत गेलं होतं. बाबा खाली मान घालून जेवत होते. वाढता वाढता आई मधेच थांबली, तिने बाबांकडे डोळे भरून पाहिलं, आणि भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

"दादा, यांचे उपकार विसरू नकोस हो कधी. यांनी आज तुझं नाव राखलं."

"नाही विसरणार," मामा म्हणाला.